मोजणी

दांडिया बाजार, दुसरा मजला. लिफ्ट आहे, बंद आहे.
कमरेचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर काढणाऱ्याला
एकदा भेटायचंय मला.

"पालथ्या झोपा, मासी. ढीलुं मूको," कृपाली म्हणते.
हिरवा पडदा, रेक्झिनचा पलंग, तोंडासाठी भोक,
भोकातून फरशी, स्टुलाचा एक पाय,
आणि तिच्या बुटांची गुलाबी नाडी.
"काही नाही होणार. मुंगी चावल्यासारखं."

हे वाक्य माझं आहे.
छत्तीस वर्षं वापरलं मी ते सरकारी इस्पितळात,
मराठीत, गुजरातीत, रात्रपाळीला नुसत्या हुंकारात,
पोरांना, पैलवानांना, आणि एका फौजदाराला
जो सुई बघूनच आडवा झाला होता.
खोटं आहे ते. मुंगी विचारून चावत नाही.

पहिली. दुसरी.
या सुईत औषध नाही. हे मला अजून पटत नाही.
रिकामी सुई टोचायची,
म्हणजे रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जाणं.
पण आतून एक जड, बोथट उत्तर येतं,
खोल विहिरीत खडा टाकल्यावर येतं तसं,
उशिरा.

"केव्हापासून दुखतंय?"
पुरापासून, बाई.
विश्वामित्री वॉर्डात शिरली त्या रात्री
खालचे पेशंट आम्ही चादरीच्या झोळीतून वर नेले.
सत्तावीस. मोजायची सवय आहे मला.
सव्विसाव्याला, जिन्याच्या वळणावर,
कमरेत काहीतरी कडकन नव्हे, हळूच सरकलं.
मगरीसारखं.
बडोद्याच्या माणसाला सांगायला नको:
आधी पाण्यावर नुसते दोन डोळे दिसतात
आणि आपण म्हणतो, लाकूड असेल.

मी कितीतरी वर्षं म्हटलं, लाकूड असेल.
शेकलं, चोळलं, पट्टा बांधला,
फणसेबाईंचा लेप लावला, त्याचे डाग चादरीवर अजून आहेत.
मणक्याचा फोटो साड्यांच्या पिशवीत घालून
कपाटावर टाकला, उंच,
हात पोचू नये म्हणून.

मगरीला इथे कुणी मारत नाही.
पोरं येतात, जबड्याला दोर बांधतात,
टेम्पोत घालून नेतात
आणि सोडतात पुन्हा नदीतच.

वीस मिनिटं. बाहेर कुणीतरी सेव-उसळ मागवलीय.
मग घंटी. कृपाली सुया काढते,
स्टीलच्या ट्रेमध्ये टाकते. टिण्. टिण्.
मी पडलेय, पण कान ड्यूटीवर.
अकरा.
लावल्या होत्या बारा.

"झालं, मासी. उठा."
मी उठत नाही.
"एक राहिली."
"नाही, नाही, सगळ्या..."
"शोध, बेटा. मी कुठे पळणार आहे?"

गुलाबी नाडी इकडून तिकडे.
तिचा श्वास ऐकू येतो.
असा श्वास मी घेतला होता एकदा,
नोकरीचं दुसरं वर्ष, टेबलावर पोट उघडं
आणि गॉज एक कमी.
मेट्रन दळवीबाई ओरडल्या नाहीत.
म्हणाल्या, "पुन्हा मोज."
दोन शब्द. त्यावर माझी सगळी नोकरी निघाली.

सापडली. डाव्या गुडघ्यामागे, गाऊनच्या घडीखाली.
दुखणं कमरेत, सुई गुडघ्यामागे,
आणि आहे हे मलाही कळलं नव्हतं.
ही तिनं ट्रेमध्ये टाकली नाही. धरून उभी राहिली.
"सॉरी, मासी. सरांना..."
"सरांना कशाला? मोजायचं. मोठ्यानं मोजायचं."

उठले. कुशीवर वळून, हाताचा टेकू देऊन,
इतरांना शिकवायचे तशी.
कमर आहे. दुखणंही आहे,
जरा लांबच्या पाण्यात.
वाकून चपलेचा पट्टा स्वतः लावला.
पायाची नखं वाढलीत, आज दिसलं.

जिना उतरताना वरून तिचा आवाज,
पुढच्या कुणाच्या तरी पाठीवर:
एक. दोन. तीन.
सातपर्यंत ऐकू आलं.
मग रिक्षावाला म्हणाला, "कुठे, मासी?"